ओट्याच्या पोटातलं सिंक

"तिच्या हातची भांडी काढून घेऊ नकोस हं. फक्त तिला वाकू देऊ नकोस."

सासऱ्यांचं हे बोलणं सुनेच्या कानात इतकं पक्कं बसलं होतं, की नळ सोडला की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग पाणी. शेवटच्या आजारपणात त्यांनी दुसरं काहीच मागितलं नव्हतं. ती "हो बाबा" म्हणाली, तेव्हा एक काम मार्गी लागल्यासारखे ते डोळे मिटून पडून राहिले होते.

सासूबाई चांगल्या उंच. बाबा त्यांना लाडाने 'शिडी' म्हणायचे. जेवणं झाली की शिडीने भांडी घासायची आणि बाबांनी पुसायची, हा दोघांचा नेम. घासता घासता आई मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायच्या, पहिल्या वाटीपासून शेवटच्या झाऱ्यापर्यंत. बाबा गेले, नेम राहिला. त्यांचं पुसायचं फडकं अजून त्याच खिळ्यावर होतं. कंबर तेवढी कुरकुर करायला लागली होती. पण "भांडी मी घासते" असं कुणी म्हटलं की आईंचा चेहरा देवघरातून उठवल्यासारखा व्हायचा.

त्यात जुन्या सिंकची कड सुटली आणि पाणी ओट्याखाली झिरपू लागलं. मिस्त्री म्हणाला, "आता दगडाच्या खालून बसणारं घ्या. वर कड नाही, घाण साचणं नाही. ओटा पुसला की सगळं थेट आत."

सासू-सुना दोघी दुकानात गेल्या. टेबलावर ओळीने सिंक मांडलेली. आईंनी सरळ बाही वर सारली आणि रिकाम्या सिंकमध्ये, नसलेलं पातेलं घासायला सुरुवात केली.

"आजी, पाणी नाही हो त्यात," दुकानदार हसला.

"पाणी घरी आहे. हात इथे आहे," आई म्हणाल्या, आणि एका उथळशा सिंकपाशी रेंगाळल्या. "हे बरं वाटतंय."

"आई, हे बघा ना," सुनेने त्यांना शेजारच्या खोल सिंकपाशी ओढलं. "लांबीरुंदी तीच, पण मोठं पातेलं उभं मावेल. अंगावर पाणी उडायचं नाही. रोज पदर ओला होतो तुमचा."

आईंनी त्यातही घासून पाहिलं. पाठ ताठच्या ताठ. "छान आहे गं. हेच घेऊ."

सून खूश. बाबांना दिलेला शब्द आपण अगदी थाटात पाळतोय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिस्त्रीने दगडाचं भोक घासून गुळगुळीत केलं, सिंकच्या कडेला चिकट सिलिकॉन लावलं, ते खालून वर दाबलं आणि खाली लाकडी टेकू दिले. "उद्यापर्यंत पाणी सोडू नका. एकदा सुकलं की हे दगडाला सोडायचं नाही, भांडण झालं तरी!" असं म्हणून तो हात धुवायला न्हाणीघरात गेला.

तेवढ्यात आई आल्या. दुकानातल्यासारखी बाही वर सारली आणि हात आत घातला. तळ लागेना. मग त्या वाकल्या, आणखी वाकल्या, तेव्हा कुठे बोटं टेकली. दुसरा हात आपोआप कमरेवर गेला.

सुनेला एकदम उमगलं. दुकानात सिंक टेबलाच्या वर होतं. इथे ते ओट्याच्या पोटात लटकलं होतं. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्या लक्षातच आली नव्हती!

"आई, दुखलं ना?"

"छे, मला काय धाड भरलीय! होईल सवय."

"तुम्हाला दुकानात ते उथळच आवडलं होतं. मग बोलला का नाहीत?"

आई ओशाळं हसल्या. "तू इतकी हौसेने दाखवत होतीस. तुझा चेहरा बघितला, म्हटलं असू दे. आणि अगदीच नाही जमलं, तर घासशील की तू. मी बसल्या बसल्या नाव घेईन."

एवढं बोलून त्या दुपारच्या झोपेला आत गेल्या. जाताना खिळ्यावरचं फडकं त्यांनी उगाच सरळ केलं.

सून तिथेच उभी राहिली. 'घासशील की तू.' जे होऊ द्यायचं नव्हतं, ते तिच्याच हौसेने दारात आणून उभं केलं होतं.

मिस्त्री हात पुसत आला. तिने हळूच विचारलं, "दादा, आत्ता काढलं तर निघेल?"

"काय?" त्याने डोळे मोठे केले. "आत्ताच तर बसवलं! वहिनी, चेष्टा करताय का?"

"हळू बोला, आई झोपल्यात. निघेल का?"

"आत्ता निघेल. उद्या म्हणालात तर दगड फोडावा लागेल." त्याने आईंच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आईंचं वाकणं त्याला न्हाणीघराच्या दारातून दिसलं असावं. खाली बसून तो टेकू काढू लागला. "दुकानदार कुरकुरणार बरं का. कडेला सिलिकॉन लागलंय."

"मला पुसून द्या. लपवायचं काही नाही, आहे ते खरं सांगेन. नाहीच घेतलं परत, तर हे राहील पडून. ते उथळ मात्र आणायचंच."

दोघांनी मिळून सिंक खाली उतरवलं. मिस्त्री पात्याने कड खरवडत राहिला. तिने जुनी चादर आणली आणि तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं ते आवाज न करता गुंडाळलं.

"मी आणतो उचलून," तो म्हणाला.

"तुम्ही इथेच थांबा, भोकाची कड साफ करून ठेवा. आई उठल्या तर म्हणावं, येतेच आहे."

तिने चपला हातात घेतल्या, सिंक कमरेवर पेललं, आणि आईंच्या खोलीवरून अनवाणीच पुढे गेली. बाहेरचं दार हलकेच ओढून घेतलं. मग चपला पायात सरकवून ती एकेक पायरी जपून उतरू लागली.