सशाच्या तोंडात पाणी

मित्रांनो, मी एक जुना ससा आहे. कागदाच्या लगद्याचा आहे, म्हणूनच वाचलो. त्र्याहत्तरच्या दुष्काळात आमच्या शेवगावकडे खराखुरा ससा दिसला असता, तर त्याचं आत्मवृत्त कालवणातच संपलं असतं.

मला घडवलं पुष्पावतीबाईंनी. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आया खडी फोडायच्या आणि बाई त्यांची मुलं सांभाळायच्या. मुंबईला भावाकडे गेल्या असताना बाईंनी नवाकोरा टीव्ही पाहिला होता. त्यात एक बोलका ससा मुलांना चांगल्या सवयी सांगत होता. बाईंना तो फार आवडला. परत आल्यावर त्यांनी जुनी वर्तमानपत्रं भिजवली, चिंचोक्याची खळ घातली आणि हातात चढवायचा बाहुला, म्हणजे मी झालो.

पहिल्याच खेळात मी बाईंच्या हातावरून ऐटीत म्हणालो, "रोज आंघोळ करा! दूध प्या!" लहानग्या छगनने विचारलं, "बाई, ह्याला शिजाया किती येळ लागंल?"

हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामावर पाण्याचा टँकर येणं बंद झालं होतं. मुलं खड्ड्यातलं गढूळ पाणी पीत होती आणि हगवणीने आडवी होत होती. बाईंनी तक्रार केली की मुकादम नुसती मान डोलवायचा.

एक दिवस साहेब पाहणीला येणार असं कळलं. मुकादमाने बजावलं, "बाई, सायबाम्होरं रडगानं नगं. पोरांचा गमतीचा कार्यक्रम तेवढा करा."

"गमतीचाच करते," बाई म्हणाल्या. त्यांच्या त्या आवाजाची मला भीतीच वाटली.

साहेब खुर्चीत बसले. मी उड्या मारल्या, गाणं म्हटलं. साहेब हसले. मग मी धापा टाकल्या आणि आडवा पडलो. "मुलांनो, मी चाललो. तोंडात घोटभर पाणी घाला."

मुलं खिदळली, पण आया उठल्या. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. हंडे मात्र कोरडे होते. पाणी होतं ते साहेबांच्या जीपला टांगलेल्या कापडी छागलीत. म्हाताऱ्या साळूबाईने ती सोडली.

"ए म्हातारे, सायबाचं पानी हाय ते!" मुकादम ओरडला.

"आन ह्यो मराया लागलाय, त्याचं काय? मरत्याला पानी न्हाई म्हनतो व्हय रं?"

चारचौघांत साहेबांना नाही म्हणवेना. साळूबाईने ओंजळभर पाणी माझ्या तोंडात ओतलं आणि छागल पोरांकडे दिली. माझं नाक विरघळलं, एक कान गळाला. पण पोरं घटाघटा प्यायली आणि मला मनापासून आनंद झाला.

उन्हं चढली तशी साहेबांच्या घशाला कोरड पडली. मुकादम इकडेतिकडे पाहू लागला. बाईंनी खड्ड्यातलं पाणी पेल्यात भरून पुढे केलं. त्यात किडे वळवळत होते.

"घ्या साहेब. आमची मुलं हेच पितात."

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि जीप टँकर आणायला पिटाळली. संध्याकाळी टँकर आला.

मित्रांनो, खेळणी जपावीत हे खरंच. तरी माझ्या तोंडाकडे पाहून हळहळू नका. पुन्हा कुठे टँकर चुकला, तर मला बाहेर काढा. मी परत मरेन.