बैठक थांबवली आहे

लॉ कॉलेजच्या मध्यस्थी केंद्रात त्या दिवशी एका विद्यार्थ्याला पहिल्यांदाच एकट्याने बैठक चालवायला मिळाली. निघताना आई म्हणाली होती, "वकीलसाहेब, भांडण मिटवायला चाललात, नवं लावून येऊ नका." तो हसतच आला होता.

समोर बसले होते भाऊबहीण. वडिलांच्या मागे दोघांनी मिळून बेकरी चालवलेली. आता वेगळं व्हायचं होतं. भावाच्या जिभेवर साखर. "आमच्या धाकटीला कशाला ताप? सगळं मी सांभाळतो. तिने फक्त सही करावी." बहीण मान खाली घालून म्हणे, "दादा म्हणेल तसं." इतक्या लवकर तडजोड! आपल्या हाताला गुण आहे म्हणायचा, असं त्याला वाटू लागलं.

पण सहीआधी प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, असा केंद्राचा नियम होता. भावाला त्याने बाहेरच्या बाकावर बसवलं.

"निम्मी बेकरी तुमची आहे. काहीच नको तुम्हाला?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "लिहून टाका ना लवकर."

"एवढी घाई का?"

"मळलेलं पीठ ठेवायची थंड खोली आहे आमच्याकडे. मी सही करणार नाही म्हणाले, तर त्याने मला आत ढकलून बाहेरून कडी घातली. दार उघडलं तेव्हा मला उभंही राहवेना. म्हणाला, पुढच्या वेळी उघडायचं विसरेन." तिने हात जोडले. "मी बोलले हे त्याला कळू देऊ नका."

दाराच्या धुरकट काचेला बाहेरून एक सावली टेकली होती.

"आमच्या मॅडमना सांगू? फक्त त्यांनाच," तो कुजबुजला. तिने मान डोलावली.

मॅडम, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या त्याच्या प्राध्यापिका, मधल्या दारापलीकडेच होत्या. ऐकताच उठल्या. "हिला मी मागच्या जिन्याने नेते. तू त्याच्याकडे जा. बैठक थांबवली, एवढंच सांग. कारण द्यायला आपण बांधील नाही."

"मी? एकटा?"

"वॉचमनला वर पाठवते. तोवर तूच."

तो बाहेर आला आणि दार पाठीशी लावून घेतलं. भावाने आपुलकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय म्हणाली आमची धाकटी?"

"बैठक थांबवली आहे."

"कुणी?"

"मी." त्याने पाठीमागे दाराची मूठ धरून ठेवली. "मला झेपत नाहीये हे. पहिलीच वेळ आहे माझी."

भाऊ हसला. खांद्यावरचा हात मात्र आवळत गेला. "मग तिला पाठव बाहेर. घरी जातो आम्ही."

तो नुसता दाराला टेकून उभा राहिला. भावाने त्याला अलगद, खुर्ची सरकवावी तसं बाजूला सारलं आणि दार उघडलं. खोली रिकामी होती.

भाऊ वळला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "तू रोज इथेच असतोस ना, बाळ?"

इतक्यात जिन्यावर वॉचमनच्या बुटांचा आवाज आला. भाऊ शांतपणे खाली उतरून गेला. पोराने तिथेच भिंतीला टेकून बसकण मारली.

बहीण मैत्रिणीकडे राहिली. तिने पोलिसांत तक्रार केली, वकील दिला, आणि बेकरीचं प्रकरण कोर्टात गेलं. भाऊ केंद्रात पुन्हा फिरकला नाही. तरी कितीतरी महिने, रस्त्यात मागून कुणी "बाळ" म्हटलं, की पोरगा गर्रकन मागे वळून पाहायचा.