गाडीखालचा हुंदका

मंगळवारी पंचवटीतल्या त्या बोळात मुंगी शिरायला जागा नसायची. नारळ, हार, लिंबं, आणि मधोमध खंडेरावची जुनी टॅक्सी, बॉनेटवर बोटभर कुंकू थापलेलं. गाडीत म्हणे त्याची वारलेली बायको यशोदाबाई वस्तीला आली होती.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. "तुला गाडीतून वणीला नेतो," असं खंडेरावने हात जोडून कबूल केलं, तेव्हा कुठे शिवला. पुढे पेठच्या चढावर गाडी हुंदके देऊ लागली. लोकांनी दोनात दोन मिळवून बावीस केले आणि अंगारे-धुपारे करणारे झुंबरबुवा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले.

"बाई लेकरासारखं मांडीवर घेती!" बुवा ओरडत. "काचा लावा! तिला वारं सोसत नाय!"

आजारी माणूस मागच्या सीटवर बसायचं, इंजिन चालू व्हायचं, आणि थोड्या वेळात माणूस डुलू लागायचं. बुवा स्वतः पुढे बसत, आपली काच खाली करून, डोकं बाहेर काढून. का, तर म्हणे बाहेरची बाधा अडवायला.

लोक टाकत त्या दक्षिणेतलं खंडेराव काही घेत नसे. त्याला फक्त हुंदका हवा होता. घरी चूल थंड, ताट एकच. संध्याकाळी रिकामी गाडी तो मुद्दाम चढावर न्यायचा आणि आवाज आला की म्हणायचा, "बोल गं, ऐकतोय मी."

एका मंगळवारी जुनी डोकेदुखी घेऊन कुसाबाई मागे बसली. डुलली, आणि एकदम आडवी झाली.

"आली! अंगात आली!" बुवांनी घंटा बडवली.

गर्दीतून शेजारच्या लताबाई पुढे घुसल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी दार उघडून कुसाबाईला बाहेर ओढलं. "सरका! हवा येऊ द्या! अंगात कसलं आलंय, विषारी धूर आहे हा!"

कुसाबाई ओकली, तिने डोळे उघडले. तिला टांग्यात घालून दवाखान्यात धाडलं.

"यशोदाबाईला धूर म्हंती!" बुवा कडाडले.

"मग काचा लावून मागे तुम्ही बसा, बुवा."

"आज उपास हाय माझा," बुवा म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

लताबाईंनी मागची सीट उचलली. गाडीच्या बुडाचा पत्रा सडून भोक पडलं होतं. खाली सायलेन्सरच्या नळीला बोटभर चीर. चालू इंजिनावर त्यांनी भोकाशी पांढरा रुमाल धरला, तो काळा झाला. मग मागे जाऊन ओलं पोतं नळीच्या तोंडावर दाबलं.

गाडी उभ्या जागी हुंदका देऊ लागली.

पोतं काढलं, हुंदका थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू.

"पुरे, बाई," खंडेरावने हात जोडले. "परत नका दाबू."

लताबाईंनी पोतं टाकलं. "भाऊ, हा सायलेन्सर जुन्या बाजारातला, स्वस्तातला दिसतोय. कधी बसवलात?"

"दहावं झालं, त्याच आठवड्यात."

"चढावर इंजिनाला जोर लागतो, धूर चिरेतून रेटून निघतो. आवाज त्याचा."

खंडेराव म्हणाला, "फट राहू द्या ना, बाई. पाशिंजर नाय घेणार. मी एकटाच बसत जाईन."

"वहिनींनी तुम्हाला या धुरात बसू दिलं असतं?"

खंडेरावला नवा सायलेन्सर परवडणारा नव्हता. इंजिन गार झाल्यावर तो गाडीखाली शिरला, नळीचा गंज खरवडला, चिरेत भट्टीची, ताप सोसणारी माती भरली, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर पट्ट्या आवळल्या. बुडाच्या भोकावर पत्रा ठोकला. वेल्डिंग गॅरेजात करून घ्या, असं लताबाईंनी बजावलं, आणि त्याने तेही करून घेतलं. मग एकटा पेठच्या चढावर गेला. गाडी मुकाट चढली. माथ्यावर थांबून तो खूप रडला.

पुढच्या मंगळवारी बुवा आले नाहीत, लोक मात्र आले. खंडेराव फडक्याने बॉनेट पुसत होता.

"देवाला हात जोडा, मी कुठं नको म्हंतो? पण कुणी चमत्कार म्हणून काय दाखवलं, तर आधी वाकून खाली बघा. मी बघितलं नाय, कारण मला बघायचंच नव्हतं. तेवढ्यापायी कुसाबाई जिवानिशी जाणार होती." त्याने मागचं दार उघडलं. "माझी बायको गाडीत नाय. ती मेली. कुणाला दुखत असंल तर बसा, दवाखान्यात सोडतो. काचा उघड्या ठेवा."