सतरावी ओळ

औषधांची आठवण करून देणारं आमचं ॲप मराठीतून हिंदीत न्यायचं होतं. मशीनने केलेला अनुवाद घ्यायचाच नाही, असा मी चंग बांधला होता. अनुवादक निवडायच्या चाचणीच्या मजकुरात सतरावी ओळ मुद्दाम घातली: ‘इथवर वाचलंत की मला फोन करा.’

अकरा जणांनी तिचंही सुरेख हिंदी करून पाठवलं. अकराही जणांना मी वाटेला लावलं. साहेब म्हणाले, “हट्ट सोडा आता.” मी सोडला नाही.

मग एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. “सतरावी ओळ वाचली. पण अठरावीशी अडलेय. गोळी घेतली की दाबायचं बटण आहे. चुकली तर कुठलं दाबायचं?”

ॲप मीच बनवलेलं. तसं बटण मी केलंच नव्हतं.

“उद्यापासून या,” मी म्हटलं.

“आधी बटण करा,” त्या म्हणाल्या.