मळक्या कपड्यांची पिशवी

घरात तिला सगळे फौजदार म्हणत, तेही तोंडावर, आणि आजीला त्याचं वाईट वाटत नसे. अख्खी नोकरी तिने एका कारखान्याच्या फाटकावर, सुट्टी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घेण्यात काढली होती. डबा, अंबाडा, छत्रीच्या घड्या; कोण काय कुठे लपवतं हे तिला नुसत्या चालीवरून कळे. नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही.

आजोबा, मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर ती परदेश पाहायला निघाली होती. वाटेत एका शहरात दिवसभर थांबायचं होतं. संध्याकाळची गाडी त्यांना सरहद्दीपलीकडे नेणार होती. शहर पाहताक्षणीच आजीच्या मनातून उतरलं. काजळलेल्या भिंती, दुकानांना लोखंडी जाळ्या, कालव्यावर तेलाचा तवंग. लॉजच्या मालकाने किल्ली देताना बॅगांकडे पाहिलं, तेही तिने टिपून ठेवलं.

म्हणून बाकीचे तोंडं धूत असताना तिने गुपचूप पाचही पासपोर्ट आजोबांच्या लांब लोकरी मोज्यात सरकवले, मोज्याची गुंडाळी केली आणि ती मळक्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी खुपसली. चोर कपाट उघडतो, उशी चाचपतो, पण मळक्या कपड्यांना नाक मुरडतो. फाटकावर एका बाईने तिलाच असं फसवलं होतं. तेव्हापासून ती युक्ती आजीने मनात जपली होती.

सगळे फिरायला निघाले. दारातून सून ‘आलेच’ म्हणत मागे वळली आणि जरा वेळाने धापा टाकत येऊन मिळाली.

“तो टोपीवाला बघ,” पुलावर आजी नातीच्या कानात म्हणाली. “मघाशी पलीकडे होता. आता इकडे.”

“आजी, आपणही मघाशी पलीकडे होतो.”

“आपलं वेगळं.”

टोपीवाल्याने खिशातून पावाचे तुकडे काढून बदकांना टाकले. आजीचं समाधान झालं नाही. फुकट खाऊ घालणारा माणूस तर तिला जास्तच संशयास्पद वाटला.

“अगं, बदकांची तरी झडती घेऊ नकोस,” आजोबा म्हणाले.

“आई, पासपोर्ट आहेत ना?” मुलाने विचारलं.

“आहेत. आणि कुठे आहेत ते विचारायचं नाही. भिंतींना पण डोळे आहेत इथे.” बोलताना तिची नजर सुनेच्या उघड्या पर्सवर गेली. सून गुणी होती, पण चेन लावायला विसरायची. अशा बाईच्या हाती काय सोपवायचं?

दुपार कलल्यावर ते लॉजवर परतले. आजीने पलंगाखाली वाकून पाहिलं आणि तशीच खाली बसली. पिशवी नव्हती.

“मालक! तरी म्हटलं मी, त्याची नजर बरी नाही! जा, त्याची मानगूट धर!”

मुलगा निघालाच होता, तेवढ्यात सून म्हणाली, “ती मळकी पिशवी ना? मी सकाळी कोपऱ्यावरच्या धुलाईवालीकडे टाकली. आई, तुम्हाला स्वच्छ साडी हवी असते म्हणून.”

आजी धडपडत उठली. “अगं, त्यात पासपोर्ट होते.”

मग कोण कोणावर ओरडलं ते सांगण्यात अर्थ नाही. पाचही जण धावत कोपऱ्यावर पोचले. शटर अर्धं खाली होतं; ते वाकून आत शिरले. आत यंत्र घरघरत होतं, आणि काचेमागे आजोबांचा सदरा गरगरत होता.

धुलाईवाली दंडाने भक्कम बाई. मुलाला तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती. त्याने पासपोर्ट म्हणताच तिने शटर धाडकन खाली ओढलं आणि दारापुढे उभी राहिली.

“काय म्हणते?” आजीने विचारलं.

“मोजे उलटे केल्याशिवाय ती धुवत नाही. त्यात पाच पासपोर्ट निघाले. म्हणते, सरळ माणसं पासपोर्ट मोज्यात का लपवतील? चोरीचे असणार. विचारतेय, कोणत्या मोज्यात होते?”

जन्मात पहिल्यांदा आजीची झडती होत होती. प्रश्न मात्र तिला पटला. तिनेही हाच विचारला असता. “राखाडी, लोकरी. टाचेला रफू, निळ्या दोऱ्याचा.”

बाईने मान हलवली. पासपोर्ट काढून ती एकेक फोटो चेहऱ्याशी ताडून पाहू लागली. आजोबा, मुलगा, सून, नात पार पडले. आजीचा फोटो पाहून मात्र तिने बोट नाचवलं. ही ती नव्हे.

पासपोर्ट कोरडे पाहून आजीचे डोळे भरले होते आणि हसू ओठांत मावत नव्हतं. फोटोतली बाई तर कॅमेऱ्यालाच चोर समजून पाहत होती.

“आजी, हसू नको ना! फौजदारासारखं बघ!” नात कळवळली. “गाडी जाईल!”

आजीने भुवया आवळल्या, पण ओठ ऐकेनात. एवढ्यात बाई पासपोर्टांचा गठ्ठा कपाटाकडे नेऊ लागली, आणि आजीच्या मनात आलं, हिने पानं तर फाडली नसतील? तिने झडप घालून स्वतःचा पासपोर्ट ओढला, एकेक पान उजेडात धरलं आणि मान तिरकी करून बाईकडे रोखून पाहिलं.

बाई थबकली. फोटो आठवून ती खदखदून हसली, आणि बाकीचे चारही तिने आजीच्या हातात ठेवले. ओले कपडे पिळून पिशवीत भरले, शटर वर केलं.

रस्त्यावर आल्यावर आजीने पासपोर्ट सुनेपुढे धरले. “घे. तुझ्याकडे राहू देत.”

“माझ्याकडे, आई?”

“हो. आणि कुठे ठेवतेस ते सगळ्यांना सांग.”

सुनेने ते पर्समध्ये टाकले. सगळे स्टेशनकडे पळाले. वळणावर आजीने सुनेला गाठलं.

“चेन लावलीस ना गं?”