दोन सिद्धार्थ

"हे बघ जानकी, एका दवाखान्यात दोन सिद्धार्थ नकोत. उगाच घोळ होईल," थर्मामीटर झटकत वसुधा म्हणाली. "वरच्या खोलीतल्या शाहांच्या नातवाचं नाव तेच ठरलंय. तुझ्याला आपण कोपऱ्यातलं बाळ म्हणू."

जानकी खाटेवर उठून बसली. "पन त्येचं नाव तर तेच हाय ना, बाई? ह्यांनी आधीच ठरवलंय. गेल्या साली आमी दीक्षा घेतली. भगवान बुद्धाचं पयलं नाव ते. वस्तीचं नाव बी सिद्धार्थनगर ठेवलंय."

"असू दे गं. घरी गेलीस की हवं ते म्हण."

वसुधा मनाने वाईट नव्हती. घाटकोपरच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात नर्स म्हणून राबताना तिने कुणाला झिडकारलं नव्हतं. डोंगराखालच्या खडीच्या खाणीवर जानकीचा नवरा गुणाजी काम करायचा. बाळाला गुंडाळायला धड कापड नाही म्हटल्यावर वसुधानेच घरून जुनं मऊ लुगडं आणून दिलं होतं. पण त्याच सकाळी वरच्या खोलीत शाहांची आजी म्हणाली होती, "आमच्या महावीरस्वामींचे वडील, सिद्धार्थ राजा. तेमचं नाव ठेवलं." तेव्हा वसुधाच्या तोंडून लगेच निघालं होतं, "किती शोभतं हो!" खाली मात्र तिला घोळ आठवला होता.

दोन दिवसांनी दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले होते. वसुधा जिन्याजवळच्या औषधांच्या खोलीत बाटल्या लावत होती. तेवढ्यात आया सुगंधाची किंकाळी आली.

"सिस्टर, धावा! सिद्धार्थ निळो पडलो!"

हातातली बाटली तशीच टाकून वसुधा धावली. जिना चढून वर गेली, दार ढकललं. शाहांचं बाळ मूठ तोंडाशी धरून गाढ झोपलं होतं. गुलाबी, गुबगुबीत. आजी दचकून उठली. "शुं थयुं, सिस्टर?"

मग वसुधाला आठवलं आणि ती जिन्याकडे पळाली. सुगंधा पहिल्या दिवसापासून कोपऱ्यातल्या बाळाला त्याच्या नावानेच हाक मारत होती.

ती खाली पोचली तेव्हा सुगंधा बाळाला पालथं धरून पाठ चोळत होती. वसुधाने त्याला ओढून घेतलं, तोंड साफ केलं, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. पुन्हा भरला. इवलीशी छाती वर आली, खाली गेली, पण आपली आपण हलेना.

डॉक्टर धापा टाकत आले. तपासून म्हणाले, "छातीच अधू होती. हा वाचलाच असता असं नाही." वाचला नसता, असंही ते म्हणाले नाहीत.

गुणाजी खाणीवरून तसाच आला. डोक्यावर, पापण्यांवर दगडाची भुकटी होती. त्याने बाळाला हातात घेतलं आणि तो त्याच्याकडे बघत राहिला. जानकीच त्याला सांगत होती, "आपल्याच नशिबात नव्हतं वो. बाईंनी काय बी कमी केलं न्हाई. त्येचं नाव ऐकल्याबरुबर कशा धावल्या! मी इथनं पावलं ऐकली."

वसुधाने तोंड उघडलं. सुगंधाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. वसुधाने बाळाभोवतीचं लुगडं नुसतंच सारखं केलं. गुणाजीने दोन्ही हात गुंतलेले म्हणून नुसती मान लववून वसुधाला नमस्कार केला. तो नमस्कार तिला सोसवेना.

रात्री तिने ताटाला हातच लावला नाही, तेव्हा नवरा विद्याधर म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं ना, छाती अधू होती? मग तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मी जिना चढले."

"मग? कामच आहे ना ते तुझं?"

ती उठून मोरीवर गेली. त्याला समजावून सांगायचं तर स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं.

दीड वर्षाने जानकी पुन्हा दिवस भरून आली. वॉर्डात दुसरी नर्स होती. पण जानकी ऐकेचना. "वसुधाबाईंनाच बोलवा. त्यांच्याच हातनं होऊ द्या." निरोप मिळताच वसुधा सुट्टी मोडून आली. मुलगी झाली. रडली तीही खणखणीत.

"आता हिचं नाव तुमीच ठेवा, बाई," जानकी म्हणाली. "तुमी त्येच्यासाठी येवढ्या धावलात."

"नको गं," वसुधा कशीबशी म्हणाली. "नाव तुम्ही ठेवा. मी हाक मारीन."

जानकी हसली. तिला ती थट्टा वाटली. संध्याकाळी गुणाजी आला, दोघं बराच वेळ कुजबुजली आणि नाव ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाने वॉर्डाच्या दारातूनच मोठ्याने हाक मारली, "प्रज्ञा!"

सगळ्या खाटांवरच्या बायका वळून बघू लागल्या. मुलगी झोपलेली होती. तिच्या वतीने जानकीने ओ दिली.