इंदापूरची बाई

दादासोची इंदापुरात कुणीतरी बाई आहे, ही बातमी लोणी भापकरात पसरली तेव्हा सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते खुद्द दादासोला.

अशी कुठलीही बाई नव्हती. पण सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला बाहेर बाई आहे म्हटलं की गाव त्याला शिव्याही देतं आणि चहाही पाजतं. दादासो आला की पारावरची माणसं आता सरकून जागा करायला लागली. ‘जपून बरं का,’ असं म्हणून डोळा मारणाऱ्यांत त्याच्या बापाच्या वयाचे लोक होते. दादासो नुसता गालात हसायचा. त्यानं एक नवा आकाशी शर्टसुद्धा शिवून घेतला. निर्लज्जपणा कुणी शिकवावा लागत नाही, चार लोकांनी कौतुक केलं की तो आपोआप येतो, आणि दादासोला तर कौतुकाची फार भूक लागली होती.

खरं जे होतं ते त्याला मेलं तरी सांगायचं नव्हतं. दोन वर्षांपासून त्याच्या अंगातला जोर सरत चालला होता. पिकअपमध्ये तरकारी भरून मार्केटला न्यायची हा त्याचा धंदा. एकट्यानं गाडी भरणारा हा गडी आता चार क्रेट चढवले की बांधावर बसायचा. दुपारी स्टिअरिंगवर डोळा लागायचा. डोकं दुखायचं आणि कारण नसताना कुणावरही भडकायचा. दाढी इतकी कमी झाली की सलूनवाला सोपान एकदा भर दुकानात म्हणाला, ‘तात्या, खत कमी पडलंय का दाढीला?’ दुकान खो खो हसलं. त्या दिवसापासून दादासो घरीच दाढी करायला लागला.

आणि रात्री तो रोहिणीकडं पाठ करून झोपायचा. दमला असेल, म्हणून तिनं सुरुवातीला सोडून दिलं. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला, घरात ही दोघं आणि म्हातारी आई. एकदा रोहिणीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर हा अंगावर पाल पडल्यासारखा उठला आणि ओसरीवर जाऊन पडला. त्याची इच्छाच मेली होती. पण हे बायकोला सांगायचं कसं, म्हणून तो तिच्यावरच खेकसायला लागला.

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. दादासो नेमकं सांगेना आणि डॉक्टर नेमकं विचारेना. बारामतीच्या मोठ्या पाटीवाल्या डॉक्टरनं शुगर तपासली, बीपी बघितलं, टॉनिक लिहून दिलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाला. दादासोनं सगळा धीर एकवटून ‘साहेब, ते घरात पन जरा...’ एवढं म्हटलं. डॉक्टरनं कंपाउंडरकडं बघितलं. ‘आता नातवंडं खेळवायचं वय झालं तुमचं,’ म्हणाला आणि दोघंही हसले. टेबलावरची काच उचलून याच्याच टाळक्यात घालावी, असं दादासोला वाटलं. पण फी देऊन तो गुमान बाहेर आला.

मग इंदापूर. हायवेलगतच्या एका लॉजच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी एक वैद्य बसायचा. नाडी धरायचा, डोळे मिटायचा, एक पुडी द्यायचा आणि एक सुई टोचायचा. सुईत काय आहे विचारलं तर ‘ताकद’ म्हणायचा. गावापासून लांब, ओळखीचं कुणी भेटायचं नाही, म्हणून दादासोला ही जागा पसंत पडली. बायकोचं माहेर त्याच तालुक्यात आहे, आणि मेहुणा रविराज त्याच रस्त्यावर डिझेल भरायला येतो, हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. रविराजनं दाजींना लॉजचा जिना उतरताना एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये फोटो काढला. पुढच्या आठवड्यात दोन्ही तालुक्यांना बातमी झाली.

रोहिणीनं भाकरी थापता थापता विचारलं, ‘खरं हाय का वो?’

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. न्हाय म्हणा, एवढंच ती मागत होती. पण न्हाय म्हटलं तर लॉजवर कशाला जात होता, हे सांगावं लागणार होतं.

‘तुला काय समजायचं त्ये समज,’ दादासो म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हिशेब त्यानं केला होता. रोहिणीनं भाकरी तव्यावर टाकली, भाजली, सासूला वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माहेरी निघून गेली. दादासोनं तिला अडवलं नाही. बायको रुसून गेली म्हटल्यावर पारावर त्याचा भाव आणखी वधारला.

दीड महिन्यानं बारामतीच्या रस्त्यावर डावीकडून आलेली मोटारसायकल त्याला दिसलीच नाही. मोटारसायकलवाला गटारात पडला म्हणून वाचला. लोकांनी दादासोला गाडीतून ओढलं आणि दोन कानाखाली दिल्या. ‘आंधळा हायस का रं?’ कुणीतरी ओरडलं. रात्री त्यालाच शंका आली, म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला. त्यानं समोर बघायला सांगून कडेला बोटं हलवली. ना डावीकडची बोटं दादासोला दिसली, ना उजवीकडची. ‘हे डोळ्यांचं दुखणं नाही,’ म्हणून डॉक्टरनं त्याला दर शनिवारी पुण्याहून बारामतीला येणाऱ्या हार्मोनच्या डॉक्टरकडं धाडलं.

हा हार्मोनचा डॉक्टर म्हणजे बाई निघाली. दादासो दारातूनच माघारी फिरत होता.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘दाढी किती दिवसांनी करता?’

दादासो बसला. तिनं पुढचं विचारलं, आणि त्याच्यापुढचं. इच्छा कधीपासून कमी झाली, एकदम की हळूहळू? डोकं कुठं दुखतं? छाती सुजली का? आधी कुणाकुणाला दाखवलं? भाजीचा भाव विचारावा तसं ती एकेक विचारत होती, आणि दादासोचे कान तापत होते.

‘मॅडम, ह्ये बाईमाणसानं इचारायचं हाय का?’

‘मग इतक्या बाप्यांकडं जाऊन आलात, त्यांनी का नाही विचारलं?’

मग त्यानं सुईचं सांगितलं. मॅडमचा चेहरा बदलला. ‘काय होतं त्यात?’

‘ताकद.’

‘माहीत नाही, असं म्हणा! गोठ्यात जनावराला टोचायला आलेल्या माणसाला तरी विचारता ना, काय टोचतोस म्हणून?’ ती खरोखरच संतापली होती. ‘आजपासून पुडी बंद आणि सुई बंद. अंदाजानं औषध मी देत नाही. आधी तपासायचं.’

रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यायला सांगितलं. एकदा हार्मोन कमी आलं म्हणून ती थांबली नाही, फोनवर सांगून पुन्हा रक्त घ्यायला लावलं. मग डोक्याचा एमआरआय झाला. पुढच्या शनिवारी तिनं फोटो उजेडाला धरून समजावलं. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली आहे. कॅन्सरची नाही. पण ती नको ते हार्मोन बनवते, म्हणून पुरुषाचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, पार तळाला गेलंय. शिवाय ती डोळ्यांच्या नसा दाबते आहे. बहुतेकांची गाठ गोळ्यांनी आकसते. नुसतंच हार्मोन टोचून घेत बसला असता, तर इकडं गाठ वाढत राहिली असती आणि नजर गेली असती.

‘गाडी चालवायची नाही,’ ती म्हणाली. ‘आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. या गोळीनं चक्कर येते, कधी कधी वागणंही बदलतं. घरच्या माणसाचं लक्ष पाहिजे.’

‘बायको म्हायेरी हाय.’

‘मग आणा.’

दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून दादासो रडला. आपण नामर्द नाही, आपल्याला दुखणं आहे आणि त्या दुखण्याला औषध आहे, हे दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला धड सांगितलं होतं. डोळे पुसून तो घरी आला, आणि गावात कुणाला काही बोलला नाही. बाई आहे तर बाई असू दे, असंच त्यानं अजूनही ठरवलं होतं.

रोहिणीला आणायचं तर बैठक आलीच. रविराजनं दिवस कळवला. दादासो एसटीनं गेला. सासरा सोनबा, भावकीतली चार म्हातारी माणसं आणि रविराज अंगणात घोंगडीवर बसले होते. पाण्याचा तांब्याही कुणी पुढं केला नाही.

‘दाजी, जास्त बोलायचं न्हाय मला,’ रविराज म्हणाला. ‘त्या भवानीला सोडताय का आमच्या भनीला, येवढं सांगा. का हितंच हात-पाय मोडून पाठवू?’

‘रव्या, दमानं,’ सोनबा म्हणाला. मग तो जावयाकडं वळला. ‘पाव्हणं, चूक माणसाकडनंच हुती. बाई सोडली म्हणून भंडारा उचला आन् पोरीला घिऊन जा. आमी पुन्हा इषय काढणार न्हाय.’

त्यानं देव्हाऱ्यातलं ताट आणून मध्ये ठेवलं. ताटात खंडोबाचा भंडारा होता. या लोकांत कज्जा असाच मिटतो. कोर्टात माणूस खोटं बोलेल, तलाठ्यापुढं बोलेल, पण भंडारा उचलून बोललेला शब्द कुणी फिरवत नाही, आणि तो उचलल्यावर समोरच्यानंही शंका घ्यायची नसते.

दादासोच्या मनात आलं, किती स्वस्तात सुटलो! मुळात नसलेली बाई सोडायला काय जातंय? बायको घरी येईल, अब्रूही राहील. त्यानं हात पुढं केला. पण बोटं ताटाला लागायच्या आत थांबली. बाई सोडली म्हणायचं म्हणजे बाई होती म्हणायचं, आणि तेही देवाच्या नावानं. आधीच डोळ्यांवर आलेलं. देवानं हे दुखणं वाढवलं तर कुठला डॉक्टर पुरणार? त्यानं हात मागं घेतला.

‘बाई न्हाय,’ तो म्हणाला.

‘ह्यो फोटू मग कुणाचा?’ रविराजनं मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला.

‘माजाच हाय. वरच्या मजल्यावर वैद्य बसतो, त्येच्याकडं जात हुतो.’ दादासोची मान खाली गेली. ‘मला... पुरुषाचं हार्मोन कमी पडलंय. दोन वर्सं झाली. डोक्यात गाठ हाय, तिच्यामुळं. बारामतीच्या डाक्टरनं सांगितलं.’

मग रविराजला हसू आवरेना. ‘म्हंजी दाजी, तुमी आकाशी शर्ट घालून...’

‘तोंड मिट!’ सोनबा ओरडला.

दाराआडून रोहिणी बाहेर आली. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ती आजवर कधी बोललेली नव्हती.

‘बाई न्हवतीच?’

‘न्हाय.’

‘मी इचारलं तवा का न्हाय सांगितलं?’

‘लाज वाटली.’

‘तुमाला लाज वाटली!’ ती घोंगडीपाशी आली. ‘आन् माजं काय? दोन म्हैनं आई म्हणती, तुला नवरा राखता आला न्हाय. नळावर बायका मला बघून गप हुत्यात. मी आरशाम्होरं हुबी ऱ्हाऊन सोताला इचारलं, माज्यात काय नासलंय म्हणून. दुखणं हाय म्हणला असता तर जगातला डाक्टर हुडकला असता मी. बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. तुमची अब्रू ऱ्हावी म्हणून तुमी माजी इकली. वर पारावर बसून चा पिला.’

‘रोहिणी, चुकलं माजं. चल घरी.’

‘येती की.’ ती खाली वाकली आणि तिनं ताटातला भंडारा चिमटीत उचलला. म्हातारी माणसं एकदम उठून उभी राहिली. ‘ह्येंला डाक्टरकडं मी निणार. गोळी माज्या हातानं दिणार. डोळं वाचस्तवर, अंगात जोर येस्तवर सगळं करीन, कायबी कमी पडू दिणार न्हाय. आन् बरं झालं म्हणून डाक्टर ज्या दिवशी बोलंल, त्या दिवशी मी ह्येंचा उंबरा सोडीन. येळकोट येळकोट जय मल्हार.’

भंडारा तिनं स्वतःच्या कपाळाला लावला. सोनबा काहीतरी बोलायला गेला आणि तसाच खाली बसला. आता तो शब्द फिरणार नव्हता.

शनिवारी दोघं दवाखान्यात गेली. रोहिणीनं सगळं विचारून घेतलं. गोळी जेवणाआधी की नंतर, चक्कर आली तर काय करायचं, रक्त पुन्हा कधी तपासायचं. मॅडम तिच्यावर खूश झाली. ‘नशीबवान आहात,’ ती दादासोला म्हणाली. ‘इतकं कोण करतं?’

‘बरं कवा वाटंल?’ रोहिणीनं विचारलं.

‘गोळ्या वेळेवर घेतल्या तर सहा महिन्यांत बराच फरक दिसेल.’

‘नक्की?’

‘बहुतेक. काळजी करू नका.’

ज्या शब्दांसाठी दादासो दोन वर्षं दारोदार हिंडला, पुड्या खाल्ल्या, सुया टोचून घेतल्या, मार खाल्ला, ते शब्द शेवटी त्याच्या कानावर पडले होते. त्यानं बोटांवर सहा महिने मोजले.

‘मॅडम, जास्त दीस बी लागत्याल की?’ तो म्हणाला.

मॅडमनं लिहिता लिहिता वर बघितलं. ‘असं का विचारता? तुम्हाला बरं व्हायचंय ना?’

रोहिणी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.